काळवंडत्या चांदीचा भाव: रंगीत नाणी घेऊ पाहणाऱ्या नवख्यांसाठी

लिलावाच्या यादीत एकाच वर्षाची, एकाच टांकसाळीची आणि एकाच ग्रेडची (म्हणजे सारख्याच जपलेल्या अवस्थेची) दोन चांदीची नाणी शेजारी शेजारी असतात. एक पांढरंशुभ्र. दुसऱ्याच्या अर्ध्या अंगावर सोनेरी, किरमिजी, निळे, हिरवे पट्टे उतरलेले. बोली थांबते तेव्हा दुसरं नाणं पहिल्याच्या पाचपट, दहापट, कधी त्याहूनही चढ्या भावाला गेलेलं असतं. हा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की लोकांना वेड लागलंय. चांदी काळी पडायला लागली म्हणून कुणी जास्त पैसे देतं का?

शंका रास्त आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबात हे गंजणंच आहे, आणि तसं ठणकावून सांगणारे अनुभवी संग्राहकही भरपूर आहेत. तरीही या रंगाला भाव मिळतो आणि त्यामागे निव्वळ हौस नाही. ती कारणं समजून न घेता खरेदीला उतरलात तर मात्र फसाल, कारण चांदीवर रंग आणणं अगदी सोपं आहे. खरा रंग ओळखणं तेवढं सोपं नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या क्रमानं चढा.

पायरी पहिली: रंग कुठून येतो ते समजून घ्या

उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्यानं खाल्लं की चमचा काळपट होतो, कारण अंड्यात गंधक असतं. नाण्याचं तेच होतं, फक्त फार सावकाश. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, कागद, पुठ्ठा किंवा कापडातलं गंधक आणि थोडा दमटपणा एकत्र आले की चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. हा थर मिलिमीटरच्या काही लाखांशांइतका पातळ असतो. संग्राहकांच्या बोलीत याला टोनिंग म्हणतात.

थर पातळ असेपर्यंत जो रंग दिसतो तो एखाद्या रंगद्रव्याचा नसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावर पसरलेल्या तेलावर जसे रंग खेळतात, तसेच हे. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, उरलेला थरातून आत जाऊन खालच्या चांदीवरून परततो. दोन्ही पुन्हा एकत्र येतात तेव्हा एखादा रंग कटतो आणि उरलेले आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतात. कोणता रंग कटणार हे थराच्या जाडीवर ठरतं. सुरुवातीला निळा-जांभळा कटतो, म्हणून नाणं पिवळसर दिसतं. थर वाढला की हिरवा कटतो आणि किरमिजी उरतो. आणखी वाढला की तांबडा कटतो आणि निळा उरतो.

म्हणजे रंगांचा क्रम ठरलेला आहे, आणि तो पाठ करायला हवा: आधी फिकट सोनेरी, मग मधासारखा गडद पिवळा, तांबूस, किरमिजी, जांभळा, गडद निळा, आकाशी. इथं पहिली फेरी संपते. दुसऱ्या फेरीत पुन्हा पिवळा आणि किरमिजी येतात, या वेळी जास्त भडक, आणि त्यानंतर हिरवा. मग सगळं करडं होत होत काळं. हिरवा उशिरा येतो हे विशेष लक्षात ठेवा. पुढे बनावट रंग पकडताना त्याचाच उपयोग होणार आहे.

पायरी दुसरी: नाणं कुठे पडून होतं ते विचारा

रंगीत नाण्यांच्या बाजाराचा राजा म्हणजे अमेरिकेचा मॉर्गन डॉलर. १८७८ ते १९०४ आणि नंतर १९२१ मध्ये पाडलेलं हे नाणं ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचं, वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर. नाणं मोठं आणि पुढच्या बाजूवरच्या चेहऱ्याच्या गालाचा व आजूबाजूचा सपाट भाग ऐसपैस, त्यामुळे रंगाला पसरायला जागा भरपूर. पण त्याचं राजेपण फक्त आकारामुळे आलेलं नाही. त्यामागे एक कायदा आहे आणि एक पिशवी आहे.

१८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यानं अमेरिकी खजिन्यावर दर महिन्याला वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडायची सक्ती केली. लोकांना एवढी जड नाणी खिशात वागवायची नव्हती. टांकसाळी नाणी पाडत राहिल्या आणि ती तळघरांत साठत राहिली, जाड कापडाच्या पिशव्यांत, एका पिशवीत १,००० नाणी, म्हणजे जवळपास पावणेसत्तावीस किलोचं गाठोडं. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. उरलेल्यांपैकी कोट्यवधी तसेच पडून राहिले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चांदीचा भाव वाढू लागला, लोक दर्शनी किमतीत पिशव्याच्या पिशव्या घेऊन जाऊ लागले, आणि मार्च १९६४ मध्ये खजिन्यानं ही विक्री थांबवली.

पिशव्या उघडल्यावर आतली बहुतेक नाणी पांढरीच निघाली. नाणी एकमेकांना चिकटून होती, मधल्यांपर्यंत गंधक पोचलंच नाही. पण जी थेट कापडाला टेकून होती, त्यांची तेवढी एकच बाजू साठ-सत्तर वर्षांत रंगली. काहींवर कापडाची वीणसुद्धा उमटली: भिंगातून पाहिलं तर उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी रंगात स्पष्ट दिसते. काहींवर दुसरं नाणं अर्धवट चढून बसलं होतं. तिथे झाकलेला भाग पांढरा राहिला आणि उघड्या भागावर चंद्रकोरीच्या आकारात इंद्रधनुष्य आलं. हजारातली मोजकीच नाणी कापडाला टेकणार, त्यातली थोडीच सुंदर रंगणार, आणि त्यातलीही काही आपापसात आपटून खरचटलेली असणार. पुरवठा इतका तुटपुंजा का आणि भाव इतका चढा का, याचं पहिलं उत्तर हे आहे. १८८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सव्वा कोटीहून अधिक मॉर्गन डॉलर पाडले गेले. पांढऱ्या रूपात हे नाणं अगदी सर्रास मिळतं. त्याच्यावर उतरलेला अमुक एक रंगपट्टा मात्र जगात एकाच नाण्यावर असतो.

पिशवीशिवाय रंगाची इतर घराणीही आहेत. कागदाच्या गुंडाळीत भरलेल्या नाण्यांपैकी फक्त टोकाचं नाणं रंगतं. जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये नाणं काठानं पुठ्ठ्याला भिडलेलं असतं, म्हणून रंग कडेकडून आत सरकतो आणि मधला भाग मोकळा राहून निशाण्यासारखी वर्तुळं तयार होतात. १९४७ ते १९५८ दरम्यान अमेरिकी टांकसाळीनं पुठ्ठ्यात बसवून विकलेल्या वार्षिक संचांतली नाणी अशीच रंगली. काही जुन्या स्मारक नाण्यांवर त्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्टीचा ठसा फिकट पट्ट्याच्या रूपात कायमचा राहिलाय.

हे सगळं सांगण्याचा हेतू एवढाच की प्रत्येक खऱ्या रंगाची काहीतरी भूमिती असते आणि ती भूमिती नाणं कशात पडून होतं ते सांगते. विक्रेत्याला हा प्रश्न विचारा. उत्तर आणि नाणं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

पायरी तिसरी: आधी लकाकी बघा, मग रंग

माझ्या मते नवख्यांची सर्वात मोठी चूक इथेच होते.

ठसा जोरानं आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा सोडतो. दिव्याखाली नाणं हळू फिरवलं की या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. हीच नाण्याची लकाकी. रंगाचा पातळ थर तिच्यावर पारदर्शक काचेसारखा बसतो. खालून लकाकी उसळत असेल तरच वरचा रंग पेटतो. खाली पृष्ठभाग मेलेला असेल तर तोच निळा शाईच्या डागासारखा दिसतो.

म्हणून हातात नाणं आलं की रंग विसरा. एकच दिवा डोक्यावर ठेवा, नाणं काठांनी धरा आणि फिरवा. आरे रंगातूनही अखंड फिरतात का? गालावरून, मोकळ्या भागावरून, अक्षरांच्या मधून? कुठे अडखळत असतील तर तिथे घासलेलं असेल, पुसलेलं असेल, नाहीतर थर फार जाड झाला असेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या १८७९ ते १८८२ च्या नाण्यांचे रंग इतके गाजतात, कारण मुळात त्यांचा ठसा खणखणीत आणि लकाकी जबरदस्त असते.

पायरी चौथी: जास्तीचे पैसे नक्की कशाचे

दुर्मिळता सांगून झाली. सौंदर्य डोळ्यांना दिसतंच. तिसरं कारण जरा आतलं आहे, आणि मला तेच सगळ्यात पटतं.

चांदीची नाणी उजळवण्यासाठी थायोयुरिया आणि आम्ल असलेल्या द्रावणात क्षणभर बुडवायची पद्धत जुनी आहे. याला डिपिंग म्हणतात. काळपटपणा जातो, पण त्याच्याबरोबर चांदीचा अतिशय पातळ पापुद्राही जातो, आणि लकाकी ज्या सूक्ष्म रेषांवर उभी असते त्या त्याच पापुद्र्यात असतात. एकदा बुडवलं तर बहुधा कळतही नाही. दोन-चारदा बुडवलं की नाणं पांढरं राहतं पण निर्जीव होतं. एक काळ असा होता की पांढरंशुभ्र तेच उत्तम असं मानलं जाई आणि असंख्य नाणी या द्रावणातून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यामुळे आज जुनं पांढरं नाणं पाहिलं की मनात येतं: हे खरंच असं राहिलंय, की धुतलंय? खऱ्या रंगाच्या नाण्याबाबत हा प्रश्न बराचसा मिटतो. अनेक वर्षांचा अखंड थर अंगावर आहे, म्हणजे तो थर धरल्यापासून त्याला कुणी छेडलेलं नाही. संग्राहक रंगाला पैसे देतो तेव्हा तो या अस्पर्श राहण्याला पैसे देत असतो. रंग बनावट निघाला की किंमत एवढी धाडकन कोसळते ती याचमुळे. सौंदर्य तेवढंच असतं, पुरावा मात्र उडालेला असतो.

पायरी पाचवी: बनावट रंग पकडायला शिका

माझं स्वतःचं उदाहरण देतो. सुरुवातीच्या दिवसांत एक नाणं फक्त फोटो पाहून घेतलं. फोटोत मोरपंखी निळा आणि गुलाबी, असं काही दिसत होतं की दोनदा विचार केला नाही. हातात आलं तेव्हा निळा रंग होता, पण गालावरच्या झिजलेल्या उंचवट्यावरही तेवढाच गडद, आणि एका जुन्या ओरखड्याच्या आतही. कुणीतरी झिजलेल्या नाण्याला गंधकाची वाफ आणि उष्णता देऊन दुपारभरात रंगवलं होतं. त्या नाण्यासाठी जे मोजलं ते मी शिकवणीची फी समजतो. ते अजून माझ्याकडे आहे, तुलनेसाठी.

गंधकयुक्त रसायनं, भट्टीची उष्णता, धूर, ब्लीच, सगळे प्रकार वापरले जातात. पकडायचं ते असं.

क्रम तपासा. कडेला हिरवा आणि मध्ये पांढरं असं नाणं असेल, तर आत येताना हिरव्यानंतर किरमिजी, पिवळा, आकाशी, निळा, पुन्हा किरमिजी आणि शेवटी सोनेरी असा उतार दिसायला हवा. पट्टे अरुंद असतील, पण गाळलेले नसावेत. पांढऱ्या शेजारी एकदम गडद निळा, मध्ये सोनेरीची रेघही नाही, असं दिसलं की थांबा. (झाकलेल्या नाण्याच्या कडेची रेघ तीक्ष्ण असू शकते, पण मग ती गोल असते आणि दुसऱ्या नाण्याच्या वळणाशी जुळते.)

अक्षरांचा पायथा बघा. पिशवीचं कापड उंच अक्षरांवर तंबूसारखं ताणलेलं असायचं आणि त्यांच्या बुडाशी नाण्याला टेकत नसे. म्हणून पिशवीतल्या नाण्यावर अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या कडेनं रंग बदललेला, बरेचदा फिका, असा काठ दिसतो. रसायनाला कापडाची अडचण नसते. ते सगळीकडे सारखंच पोचतं, किंवा खोबणीत साचून तिथेच गडद होतं.

ओरखडे आणि झीज बघा. ओरखड्याच्या आत-बाहेर रंग एकसारखा असेल तर रंग ओरखड्यानंतरचा. ओरखडा जुना असेल तर हे नैसर्गिकही असू शकतं, पण रंग ताजा आणि भडक असेल तर संशय बळकट होतो. उलट रंग तोडून गेलेला चकचकीत ओरखडा म्हणजे रंग आधीचा, ओरखडा नंतरचा.

दोन्ही बाजू मागा. पिशवीतलं नाणं बहुधा एकाच बाजूला रंगतं. दोन्ही बाजूंवर सारख्याच जोराचे, सारख्याच छटांचे पट्टे असतील तर ते अल्बमचं असल्याचं काहीतरी लक्षण दिसलं पाहिजे.

आणि धातूची शुद्धता लक्षात घ्या. १९८६ पासून निघणारे सिल्व्हर ईगल ९९.९ टक्के शुद्ध चांदीचे. तेही आपोआप रंगतात, नाही असं नाही. पण ती नाणी विपुल आणि स्वस्त, त्यामुळे रंगवण्याचे प्रयोग त्यांच्यावरच जास्त होतात. नवख्यानं इंद्रधनुषी ईगलसाठी जास्तीचा पैसा देऊ नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी सहावी: स्लॅबचा आधार घ्या, पण डोळे मिटू नका

पीसीजीएस ही संस्था १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून नाणी तपासून, १ ते ७० च्या मापावर ग्रेड देऊन प्लॅस्टिकच्या बंद चौकटीत देतात. या चौकटीला स्लॅब म्हणतात. रंग संशयास्पद वाटला तर त्या आकडी ग्रेड नाकारतात आणि तसं लेबलवर लिहितात. पहिली काही रंगीत नाणी फक्त अशा स्लॅबमध्येच घ्या. एनजीसी डोळ्यात भरणाऱ्या नाण्याच्या ग्रेडपुढे तारा देते, आणि २००७ मध्ये सुरू झालेली सीएसी ही संस्था आपल्या ग्रेडात पक्क्या बसणाऱ्या नाण्यांच्या स्लॅबवर हिरवं स्टिकर लावते. दोन्ही खुणा उपयोगी आहेत.

पण एक गोष्ट समजून असा. स्लॅबचा अर्थ रंग बाजाराला मान्य होण्याजोगा वाटला, एवढाच. नाणं शंभर वर्षं कुठे होतं हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय सुंदर रंगामुळे ग्रेड अर्ध्या-एका पायरीनं चढते अशी कुजबुज संग्राहकांत नेहमीच असते, आणि ती निराधार नाही. गडद रंगाखाली बारीक ओरखडे लपतात. ६६ लिहिलेल्या रंगीत नाण्यात ६५ चं अंग असू शकतं, आणि तुम्ही रंगाचे पैसे दोनदा देऊन बसता: एकदा ग्रेडमध्ये, एकदा वरच्या भावात.

पायरी सातवी: भाव ठरवा

दरपत्रकं इथे कामाची नाहीत, ती पांढऱ्या नाण्यांसाठी असतात. मोठ्या लिलावसंस्थांचे जुने निकाल फोटोंसह पाहता येतात. तेच वर्ष, तीच ग्रेड, आणि शक्य तितका मिळताजुळता रंग अशी पाच-सहा उदाहरणं शोधा. सर्वात वरचा आकडा सोडून द्या. दोन हट्टी माणसं एका लिलावात समोरासमोर आली की काहीही होतं, आणि तुम्ही विकायला जाल तेव्हा ती दोघंही तिथे नसतील.

ढोबळ उतरंड अशी: पुढच्या बाजूचा रंग मागच्यापेक्षा महाग, अनेक स्पष्ट पट्टे एका रंगापेक्षा महाग, निळा-हिरवा-किरमिजी हे सोनेरी-तपकिरीपेक्षा महाग, आणि चेहऱ्यावर डाग नसणं सगळ्यात महाग. करडा, तपकिरी किंवा ठिपक्याठिपक्यांचा रंग उलट किंमत उतरवतो. रंगीत म्हणजे महाग असं मुळीच नाही.

फोटोंवर विसंबू नका. योग्य कोनात दिवा धरला की मंद रंगही पेटतो, आणि संगणकावर रंगांची तीव्रता वाढवायला एक क्षण पुरतो. विक्रेत्याकडे नाणं फिरवतानाची चित्रफीत मागा. स्लॅबचं लेबल, पार्श्वभूमी किंवा बोटांचा रंग अनैसर्गिक दिसत असेल तर नाण्याचाही तसाच असणार.

पायरी आठवी: आणल्यावर

ज्या प्रक्रियेनं रंग आला ती थांबलेली नसते. आज आकाशी असलेली कड उद्या करडी होऊ शकते, आणि एकदा थर काळ्यापर्यंत गेला की परतीचा रस्ता नाही. डिप केलं तर रंग जातो, लकाकीही जाते. स्लॅब पूर्ण हवाबंद नसतो, म्हणून त्याच्यावर सगळं सोडू नका. नाणी थंड, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जवळपास रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, साधा पुठ्ठा नको. मऊ पीव्हीसीची पाकिटं तर अजिबात नकोत, त्यातून झिरपणारा द्रव नाण्यावर हिरवट चिकट लेप धरतो. असा लेप आढळला तर शुद्ध ॲसिटोननं तो निघतो आणि रंगाला धक्का लागत नाही, पण ते काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर आणि न चोळता करायचं.

आणि नाणं घरी आल्या दिवशी त्याचा एक फोटो काढून ठेवा. ठरावीक दिवा, ठरावीक अंतर, ठरावीक कोन. वर्षानं त्याच जागी पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून फक्त कडेचे पट्टे बघा. सोनेरीची जागा किरमिजीनं घेतली असेल, तर नाणी दुसऱ्या कपाटात हलवायची वेळ झाली.